एकेका बाराची जुळवाजुळव

ज्या बंदुकीत तयार काडतूस न घालता दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून भरून गजाने ठासावी लागते, तिला मराठीत ठासणीची बंदूक म्हणतात. पॉल व्हिएल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८८४ मध्ये जवळजवळ धूर न करणारी दारू तयार केली, दोनच वर्षांत फ्रेंच सैन्याने तिच्यासाठी लेबेल रायफल स्वीकारली, आणि सोरा, गंधक व कोळसा यांच्या मिश्रणातून होणारी काळी दारू कित्येक शतकांच्या राज्यानंतर रणांगणावरून हटली. तरीही अमेरिका, युरोप आणि जपानमध्ये असंख्य हौशी नेमबाज आजही तिचाच धूर अंगावर घेतात. जी बंदूक मिनिटाला फार तर दोन-तीन बार काढते आणि दर बाराला काळवंडते, तिचा नाद लागण्याचे कारण नेम साधण्यापेक्षा बंदूक भरण्यात अधिक आहे.

कारखान्यातून आलेल्या काडतुसात दारू, गोळी आणि पेट देणारी टोपी एकत्र बसवलेली असते, त्यामुळे त्याच्या घडणीशी नेमबाजाचा काही संबंध उरत नाही. ठासणीच्या बंदुकीत ही जुळवाजुळव प्रत्येक बाराला हातानेच करावी लागते. दारू आधी लहान मापात घेऊन मग नळीत ओततात. साठ्याच्या शिंगातून ती थेट कधीच ओतत नाहीत, कारण मागच्या बाराचा धुमसता कण तळाशी राहिला असेल तर हातातले शिंगच भडकेल. त्यानंतर तेल किंवा चरबी लावलेल्या सुती कापडाच्या तुकड्यावर शिशाची गोळी ठेवून ती गजाने दारूपर्यंत दाबतात. गोळी नळीच्या पोकळीपेक्षा किंचित लहान असते. उरलेली फट कापड भरून काढते, आणि नळीत आतून कोरलेल्या पेचदार खाचांची पकडही त्या कापडालाच बसते, म्हणून गोळी स्वतःभोवती फिरत स्थिर जाते. गोळी दारूला टेकली नाही, मध्ये पोकळी राहिली, तर नळी फुगण्याचा किंवा फुटण्याचा धोका असतो; यासाठी जाणकार गजावर खूण करून ठेवतात आणि ती खूण नळीच्या तोंडाशी आली की नाही हे दर वेळी पाहतात. कापडाची जाडी, वंगण, गजावरचा जोर आणि दारूच्या दाण्याचा आकार यांपैकी काहीही बदलले की गोळी लक्ष्यावर दुसरीकडे लागते, आणि कोणता बदल कशामुळे झाला हे शोधण्यात हौशी माणसाचे रविवारमागून रविवार जातात.

पेट देण्याच्या तऱ्हाही निरनिराळ्या आहेत. तोड्याच्या बंदुकीत जळती वात कानाशी, म्हणजे नळीच्या छिद्राशी ठेवलेल्या रंजकाला लागते. रंजक म्हणजे पेट घेण्यापुरती टाकलेली बारीक दारू. चकमकीच्या बंदुकीत गारगोटीची धार पोलादी पट्टीवर आपटते आणि पोलादाचे सुटलेले बारीक कण हवेत पेटून रंजकावर पडतात. ठिणगी गारेची भासली तरी जळते ते पोलाद. चाप ओढल्यापासून गोळी सुटेपर्यंत येथे जाणवण्याइतका क्षण जातो, आणि डोळ्यासमोर जाळ उठत असतानाही नेम न हलवणे ही या प्रकारातली खरी कसोटी होय. अलेक्झांडर फोर्साइथ या स्कॉटिश धर्मोपदेशकाने १८०७ मध्ये आघाताने पेटणाऱ्या रसायनाचे पेटंट घेतले आणि त्यातूनच पुढे तांब्याच्या टोपीची बंदूक आली. ती अधिक भरवशाची आहे, पण चकमकीचे भक्त तिला काहीशी सोपी समजतात.

या खटाटोपाचा एक तपशील भारतीय वाचकाला शाळेपासून माहीत असतो, मात्र त्यामागचे कारण क्वचित सांगितले जाते. १८५७ च्या उठावाआधी गाजलेली काडतुसे १८५३ च्या नमुन्याच्या एन्फील्ड रायफलीची होती. कागदी पुडीत दारू आणि गोळी असे, शिपायाने पुडी दाताने फाडून दारू ओतायची आणि गोळी कागदासकट ठासायची, अशी कवायत होती. काळी दारू जळल्यावर निम्म्याहून अधिक भाग घन राखेच्या रूपाने उरतो आणि काही बारांनंतर नळी इतकी चिकटते की गोळी आत जाईना. ही राख मऊ ठेवून गोळी सरकावी यासाठी कागदाला चरबी लावलेली असे. आजचे एन्फील्डप्रेमी अशाच पुड्या घरी वळतात आणि मेणाचे वंगण वापरतात. त्या वळताना एका साम्राज्याला हादरवणारी वस्तू किती साधी होती, हे हाताला कळते.

अमेरिकेत १९३३ मध्ये स्थापन झालेल्या ठासणीच्या नेमबाजांच्या राष्ट्रीय संघटनेचे मैदान इंडियाना राज्यातील फ्रेंडशिप या छोट्या गावी आहे. आंतरराष्ट्रीय सामन्यांत अर्ध्या तासात तेरा बार काढून त्यांतले उत्तम दहा मोजले जातात, म्हणजे घाईला येथे बक्षीस नाही. त्यांतल्या तोड्याच्या बंदुकीच्या एका स्पर्धेला तानेगाशिमा हे नाव आहे, कारण १५४३ मध्ये पोर्तुगीजांकडून जपानला बंदूक मिळाली ती याच नावाच्या बेटावर. अस्सल जुन्या बंदुका महाग आणि नाजूक असल्याने बहुतेक जण नव्या प्रतिकृती वापरतात. त्यांतील पुष्कळशा इटलीतील ब्रेशियाजवळच्या गार्दोने व्हाल त्रोम्पिया या जुन्या बंदूकघड्यांच्या गावातून येतात.

बार संपले तरी दिवस संपत नाही. राख हवेतली ओल ओढून घेते आणि नळीला पाहता पाहता गंज चढतो, म्हणून त्याच दिवशी गरम पाण्याने नळी धुवावी लागते. त्या वेळी सुटणारा सडक्या अंड्यासारखा वास गंधकाच्या संयुगांचा असतो. घरच्यांचा या नादाला होणारा विरोध बहुधा येथूनच सुरू होत असावा.

महाराष्ट्रात ही बंदूक छंदाची नाही. कोकणात अनेक शेतकऱ्यांकडे पीक राखण्यासाठी परवाना असलेली ठासणीची बंदूक असते आणि निवडणुका आल्या की ती पोलीस ठाण्यात जमा करावी लागते. तिच्या मालकाला दारू ठासण्यात मौज वाटत असेलच असे नाही. पाऊस लागून दारू भिजली की त्याची रात्रीची राखण वाया जाते, आणि तयार काडतुसाची बंदूक परवडली तर तो ती आनंदाने घेईल.