रस्ता आणि आपण (भाग ९) : गाडी वळवताना

मागच्या आठवड्यात वाहतूक बेटाभोवती आधी कोणी जायचे ते पाहिले. आजचा विषय त्याहून साधा वाटतो : आलो त्या दिशेला गाडीचे तोंड फिरवणे.

आधी मापे घेऊ. मारुती स्विफ्टची वळणत्रिज्या ४.८ मीटर आहे. म्हणजे स्टीअरिंग पूर्ण पिळून एका दमात वळायचे, तर चाकांनाच ९.६ मीटर रुंदी लागते. बंपर चाकांच्या पुढे असतो, त्याची जागा वेगळी. इनोव्हा क्रिस्टाला १०.८ मीटर लागतात. आणि आपल्या साध्या दुपदरी रस्त्याचा डांबरी भाग असतो ७ मीटर. तरीही रोज कोणीतरी एका दमात वळायला जातो, पुढची चाके साइडपट्टीवर उतरतात आणि गाडी आडवी उभी राहते.

खरा धोका या आडवे असण्यात आहे. तीन टप्प्यांत गाडी फिरवायला सराईत माणसालाही पंधरा-वीस सेकंद लागतात. ताशी ८० किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला २२ मीटर कापते. वीस सेकंदांत ४४० मीटर. तेव्हा दोन्ही बाजूंना अर्धा किलोमीटर रस्ता मोकळा दिसत नसेल, तर तिथे वळण्याचा विचारच सोडावा. वळण, चढाचा माथा, पूल या जागा आपोआप बाद होतात. रात्री तर आणखी एक गोष्ट घडते, जी फारशी कोणाच्या लक्षात येत नाही. आडव्या गाडीचे हेडलाइट शेताकडे आणि मागचे लाल दिवे समोरच्या कुंपणाकडे. येणाऱ्या चालकासमोर असतो तो फक्त दरवाजांचा काळा पत्रा. इंडिकेटरचा बाजूचा चिमुकला दिवा तेवढा काय तो दिसला तर दिसला.

वळायचेच असेल तर गाडी डाव्या कडेला घ्या, आरसे पाहा, मान वळवूनही पाहा, कारण आरशात न दिसणारी मोटारसायकल नेमकी तेव्हाच उजवीकडून येते. मग उजवा इंडिकेटर देऊन गाडी अगदी हळू सोडा, पण स्टीअरिंग भराभर उजवीकडे फिरवा. पलीकडची कड हातभर राहिली की ते उलटे, डावीकडे फिरवायला लागा आणि थांबा. रस्ता मध्ये उंच आणि कडेला उतरता असतो, पाणी वाहून जावे म्हणून. त्यामुळे ब्रेक सुटला की गाडी गटाराकडे घसरते. इथे हँडब्रेकला लाजू नये. मग रिव्हर्स, पुन्हा थांबा, पुन्हा उजवीकडे.

जवळ गल्ली असेल तर काम सोपे होते, फक्त क्रम उलटा नको. आपण नाक खुपसून गल्लीत शिरतो आणि शेपटीने मोठ्या रस्त्यावर येतो. त्यापेक्षा रिव्हर्समध्ये गल्लीत शिरावे आणि तोंडाने बाहेर पडावे. मग दोन्हीकडची वाहतूक दिसते. १९८९ च्या नियमावलीत याबाबत नेमके कलम होते : कोणाला धोका किंवा विनाकारण अडचण होणार नाही याची खात्री झाल्यावरच गाडी मागे घ्यायची, आणि तीही वळवायला लागेल तेवढीच. खात्री करण्याची जबाबदारी चालकाची आहे. मागे उभा राहून ‘येऊ द्या, येऊ द्या’ म्हणणाऱ्या भल्या माणसाची नाही. तो गाडी भिंतीला लागल्यावर ‘बस्स!’ म्हणतो.

दुभाजकाच्या रस्त्यावर वळण्याची जागा ठरवून दिलेली असते, पण दुभाजक अरुंद असला की गाडीचा मागचा भाग वेगवान लेनमध्ये लोंबकळत राहतो. तिथे समोरच्या वाहतुकीत फट मिळेलच या भरवशावर घुसू नये. आणि ढाब्यासमोर किंवा पंपासमोर दुभाजक फोडून केलेली वाट ही वळण्याची जागाच नव्हे.

पुढचा यू-टर्न दोन किलोमीटरवर म्हणून उलट्या दिशेने जाणारे तर सगळीकडे आहेत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये याची गणना धोकादायक वाहनचालनात होते : पहिल्या गुन्ह्याला एक हजार ते पाच हजार रुपये दंड, सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही.

द्रुतगती मार्गावर प्रश्नच मिटतो. मुंबई-पुणे मार्गावर लोणावळ्याचा फाटा चुकला, तर कडेने रिव्हर्स घेत परत येणे हा शुद्ध वेडेपणा आहे. पुढच्या फाट्यापर्यंत जा, जादा टोल आणि डिझेल सोसा.

घाटात दोन गाड्या समोरासमोर आल्या तर मागे कोणी घ्यायचे, ते पुढच्या आठवड्यात.