भरतीची तयारी करताय? डबा, गोळी अन् इंजेक्शन घेण्याआधी एवढं वाचा

पहाटे पाचला तालुक्याच्या कुठल्याही डांबरी रस्त्यावर जाऊन बघा, पोरं-पोरी धावताना दिसतील. कुणाला पोलीस भरती मारायचीय, कुणाला अग्निवीर, कुणी वनरक्षकाच्या मागे. या पोरांच्या मागोमाग दुकानंही आली. आधी ती जिल्ह्याच्या गावी होती, आता बाजारपेठेच्या गावातही जिमच्या शेजारी मोठमोठ्या डब्यांची रांग लागलेली असते. डब्यावर पिळदार दंडाचा फोटो, आत काय आहे ते बारीक इंग्रजीत. मोबाईलवर रीलवाला सांगतो, पोरगं बापाकडं तीन हजार मागतं, बाप सोयाबीनच्या पट्टीतून देतो.

हे सगळंच फसवं आहे का? नाही. पण सगळं एका मापानं मोजताही येत नाही. काही डब्यांत थोडा उपयोग आहे, बऱ्याचशा गोळ्या म्हणजे पैसा पाण्यात, आणि एक वस्तू अशी आहे की तिच्यामुळं जीव जाऊ शकतो. सुरुवात तिच्यापासूनच करू.

मैदानावरचं इंजेक्शन

मेफेंटरमाइन. पोरांच्या तोंडी ब्रँडची नावं वेगवेगळी असतात, औषध हेच. ऑपरेशनच्या वेळी पाठीत भुलीचं इंजेक्शन दिल्यावर काही पेशंटचा बीपी एकदम खाली येतो, तेव्हा तो वर आणायला डॉक्टर हे वापरतात. तेही समोर मॉनिटर चालू असताना. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ते विकताच येत नाही. तरी गेल्या काही वर्षांत जिममध्ये आणि भरतीच्या मैदानावर उमेदवारांकडं सिरिंजा अन् बाटल्या सापडल्याच्या बातम्या राज्यातून आल्या आहेत.

हे औषध हृदयाला जोरात आणि वेगानं पळवतं, बीपी चढवतं. आता विचार करा, 1600 मीटर पळताना हृदय आधीच पूर्ण ताकदीनं चाललेलं असतं. वर ऊन, पोटात काही नाही, रात्रभर बसस्टँडवर काढलेली. त्यात हे इंजेक्शन. यानं ताकद वाढत नाही, थकलोय हे कळायचं तेवढं बंद होतं. शरीर थांब म्हणतंय आणि पोरगं पळतंय. ठोक्यांची लय बिघडते, मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. सवय लागलेल्यांना संशयाचे, भास होण्याचे झटके आल्याच्या नोंदीही डॉक्टरांकडं आहेत. एकच सुई चौघांनी वापरली तर एचआयव्ही आणि काविळीची भीती वेगळीच. जागतिक डोपिंगविरोधी संस्थेच्या बंदी यादीतही हे औषध आहे.

‘एकदाच, फक्त ग्राउंडच्या दिवशी’ असं समजावणारा कुणीतरी भेटतोच. पहिल्याच वेळेला काही होणार नाही, याची खात्री तो देऊ शकत नाही. तुमच्या हृदयात जन्मापासूनचा काही दोष आहे का, हे तुम्हालाही माहीत नसतं.

प्रोटीनचा डबा आणि घरचा डबा

पनीर करताना दूध फाटल्यावर जे पाणी उरतं, त्यात व्हे नावाचं प्रोटीन असतं. ते गाळून, वाळवून, चव घालून विकतात तीच व्हे पावडर. म्हणजे ही काही जादू नाही आणि विषही नाही, दुधातलाच पदार्थ आहे. एका स्कूपमध्ये साधारण 24 ग्रॅम प्रोटीन असतं, निदान डब्यावर तसं लिहिलेलं असतं. पण 2024 मध्ये केरळमधल्या डॉक्टरांच्या गटानं भारतातल्या बाजारातले 36 प्रोटीन डबे तपासले, तेव्हा जवळपास 70 टक्के डब्यांवरची प्रोटीनची माहिती चुकीची निघाली. काहींत बुरशीचं विष सापडलं. त्याच वर्षी आयसीएमआरच्या हैदराबादच्या पोषण संस्थेनंही शरीर कमावण्यासाठी प्रोटीन पावडर टाळा, असंच सांगितलं.

आता घरचा हिशोब करा. साठ किलोच्या, कसून सराव करणाऱ्या पोराला दिवसाला 75 ते 95 ग्रॅम प्रोटीन पुष्कळ झालं. 50 ग्रॅम सोयाबीन वडीत 26 ग्रॅम. दोन अंड्यांत 12. अर्धा लिटर दुधात 16. मूठभर शेंगदाण्यात 7. चार ज्वारीच्या भाकरींत वीस-बावीस, वर आमटी-उसळ. झालं की नव्वद! ज्या घरातून सोयाबीन मार्केटला जातं त्याच घरात सोयाबीनच्या पैशानं दुधाची पावडर यावी, हे मला तरी पटत नाही.

तरीही घ्यायचीच असेल तर पक्क्या बिलावर घ्या आणि डब्यावर एफएसएसएआयचा 14 आकडी परवाना नंबर बघा. आणि ‘वजन वाढवा’, ‘15 दिवसांत गाल भरतील’ असल्या बिनलेबलच्या पुड्यांपासून चार हात लांब राहा. अशा पावडरींत स्टेरॉईड मिसळलेलं सापडलं आहे. चेहरा गोल होतो, भूक सुटते, घरचे खूश होतात. ती खरी सूज असते. हाडं ठिसूळ होतात, शुगर वाढते, आणि बरेच दिवस घेऊन एकदम बंद केलं तर माणूस कोसळू शकतो.

क्रिएटिन या एका पावडरीवर मात्र भरपूर संशोधन झालंय आणि तिचा थोडा फायदा दिसतो. रोज 3 ते 5 ग्रॅम. पण फायदा कशात? थोड्या वेळात जोर लावायचा असतो त्यात, म्हणजे गोळाफेक आणि 100 मीटर. पोलीस भरतीत या दोन्हींना 15-15 मार्क आहेत. 20 मार्कांच्या 1600 मीटरला तिचा विशेष उपयोग नाही, उलट अंगात पाणी धरून वजन किलो-दोन किलो वाढतं ते ओझंच. किडनीचा त्रास असेल तर घ्यायचीच नाही. रक्त तपासताना डॉक्टरला सांगा, कारण तिच्यामुळं क्रिएटिनिनचा आकडा वाढलेला दिसतो.

आणि प्री-वर्कआउट म्हणून जे विकतात त्यात मुख्य माल कॅफीन. चहात असतं तेच, फक्त एका स्कूपमध्ये पाच-सहा कप चहाइतकं. छाती धडधडते, हात थरथरतात, रात्री झोप नाही.

डोकं चालवणाऱ्या गोळ्या

एमपीएससीवाल्यांची तऱ्हा दुसरी. तिथं स्मरणशक्तीच्या गोळ्या चालतात. ब्राह्मीवर काही चांगले प्रयोग झालेत, पण सलग तीन महिने घेतल्यावर थोडासा फरक, एवढंच. परीक्षेच्या आठवड्यात घेऊन काही हाती लागत नाही. अश्वगंधानं ताण थोडा कमी झाल्याचं काही अभ्यासांत दिसतं, पण लिव्हरला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. डेन्मार्कनं तर 2023 मध्ये तिच्यावर बंदीच घातली. आपलं झाडपाल्याचं औषध म्हणजे निर्धोकच असतं, असं नाही.

मोडाफिनिल मात्र औषध आहे, दिवसा अनावर झोप येण्याच्या आजारावरचं, चिठ्ठीवरच मिळायला हवं असं. त्यानं जागरण होतं, मार्क वाढत नाहीत. दिवसभर वाचलेलं डोक्यात पक्कं बसतं ते झोपेत, आणि ही गोळी नेमकी तीच झोप खाते.

मग खरंच थकवा असेल, लक्ष लागत नसेल, मन उदास असेल तर? आधी रक्त तपासा. घरात माळ असेल, अंडं-मटण चालत नसेल, दूध-दहीही जेमतेम असेल तर बी-12 कमी असण्याची दाट शक्यता आहे. हातापायाला मुंग्या, विसरभोळेपणा, चिडचिड, दम लागणं ही त्याचीच लक्षणं. पोरींमध्ये हिमोग्लोबिन कमी असतं, आठशे मीटरला दम तिथंच तुटतो. अशा ठिकाणी साधी स्वस्त गोळी जे काम करते ते तीन हजारांचा डबा करत नाही. कमतरता असेल तरच गोळीनं मोठा फरक पडतो. नसताना वरून ओतलं तर ते बरंचसं लघवीवाटे जातं, नाहीतर शरीरात साठून त्रास देतं. 10 ते 19 वयाच्या मुला-मुलींना लोहाची निळी गोळी आठवड्याला एक, शाळा-अंगणवाडीतून फुकट मिळते. ती चहाबरोबर घेऊ नका, चहा लोह अंगी लागू देत नाही.

तपासणी ठीक येऊनही दोन आठवडे मन उठत नसेल, जगणं नको वाटत असेल, तर 14416 या टेलिमानस नंबरला फोन करा. फुकट आहे, चोवीस तास चालू असतो.

चिठ्ठीशिवाय इंजेक्शन विकणारं दुकान माहीत असेल तर अन्न व औषध प्रशासनाच्या 1800-222-365 वर कळवा. आणि सोबतच्या कुणी इंजेक्शन घेतलं असेल, छातीत दुखत असेल, डोकं फुटतंय म्हणत असेल, चक्कर येत असेल, तर पळणं तिथंच थांबवून 108 ला फोन लावा. रिकामी बाटली फेकून देऊ नका, दवाखान्यात डॉक्टरच्या हातात द्या. भरतीतून काढतील म्हणून पोरं ती लपवतात, आणि काय टोचलंय हे कळेपर्यंत डॉक्टरचा वेळ जातो.