पट्टी चढवणारी पंचविसावी फ्रेम

ग्वाल्हेरला डिसेंबरात तानसेन समारोह भरतो, तेव्हा मंचासमोर कॅमेरेही असतात आणि मोबाइलही. पुढे हे सगळं चित्रण एकत्र जुळवायला घेतलं की पहिली अडचण येते ती फ्रेम-रेटची. सिनेमाच्या सवयीने कुणी सेकंदाला २४ फ्रेम घेतलेल्या असतात, कुणी टीव्हीच्या हिशेबाने २५, आणि मोबाइल बहुधा ३० वर चाललेला असतो. टाइमलाइनला मात्र एकच आकडा लागतो.

२४ हा आकडा बोलपटांनी पक्का केला. टीव्हीचा दर ठरला विजेवरून: आपल्याकडे ५० हर्ट्झ म्हणून २५, अमेरिकेत ६० म्हणून ३०. रंगीत टीव्ही आल्यावर तिकडचा आकडा किंचित उतरून २९.९७ झाला.

आता २४ चं २५ करायचं, तर सर्वांत सोपी वाट म्हणजे फ्रेम तेवढ्याच ठेवून त्या भरभर चालवायच्या. प्रीमिअर या संपादनाच्या सॉफ्टवेअरमधलं ‘इंटरप्रेट फुटेज’ हेच करतं. तासाभराची मैफल ५७ मिनिटं ३६ सेकंदांत आटोपते आणि डोळ्यांना काही खटकत नाही. कानांचं काय? आवाज त्याच वेगाने पळवला तर षड्ज सुमारे ७० सेंट वर जातो. पेटीच्या लगतच्या दोन स्वरांमधलं अंतर १०० सेंट असतं. म्हणजे पांढरी एकमध्ये गाणारा गायक काळी एकच्या अलीकडे कुठेतरी अडकतो, धड कुठल्याच पट्टीत बसत नाही. लयही चार टक्क्यांनी चढते.

ग्वाल्हेर घराण्याच्या गायकीबाबत मला हे फार लागतं. बालकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी महाराष्ट्रात आणलेल्या या गायकीची ओळखच तिच्या विलंबिताच्या चालत्या लयीत आहे. आज कितीतरी विद्यार्थी व्हिडिओ ऐकून ती लय अंगी बाणवतात. त्यांच्यापर्यंत चढलेली लय पोहोचली, तर ते चुकीचंच घोटत राहतील. सॉफ्टवेअर पट्टी परत खाली आणू शकतं, पण त्यात तानपुऱ्याचं गुंजन आणि मींडेची घसरण डागाळण्याचा धोका असतो.

म्हणून मैफलीच्या चित्रणात आवाजाला हात लावू नये. तडजोड चित्राने करावी. तिच्या तीन रीती आहेत. ‘फ्रेम सॅम्पलिंग’ सेकंदाला एक फ्रेम दुसऱ्यांदा दाखवतं. हात फिरताना बारीक हिसका दिसतो. ‘फ्रेम ब्लेंडिंग’ शेजारच्या दोन फ्रेम मिसळतं आणि तबलजीची बोटं धूसर होतात. ‘ऑप्टिकल फ्लो’ हालचालीचा अंदाज घेऊन मधली फ्रेम नव्याने घडवतं. आलापात बसलेल्या गायकावर ते सुंदर चालतं. द्रुत तबल्यावर बोटं वितळल्यासारखी दिसतात. मी मैफलीसाठी पहिली रीत निवडते. हिसका चालेल, पण जी फ्रेम कॅमेऱ्याने टिपलीच नाही ती नको.

मोबाइलचा दर अनेकदा चालता चालता बदलतो, म्हणून त्याची फाइल हँडब्रेकसारख्या साधनातून आधी स्थिर दरावर आणावी. नाहीतर ओठ आणि सूर हळूहळू फारकत घेतात. शक्य असेल तर मुळातच २५ वर, १/५० शटर ठेवून चित्रण करावं. आपल्या विजेवरचे दिवेही मग लुकलुकत नाहीत. शेवटी मूळ फाइल आणि नवी फाइल यांची लांबी ताडून पाहावी, आणि दोन्हींतला षड्ज एकाच तानपुऱ्याशी मिळवून ऐकावा.