न थकणारा जासूद

उर्दूत ‘जासूस’ म्हणजे हेर. याच शब्दाशी नाते सांगणारा ‘जासूद’ हा शब्द मराठीत आहे. जुन्या काळी पत्रे पोहोचवणाऱ्या माणसालाही जासूद म्हणत. तो खलिता घेऊन निघे. खलित्यावर मोहर असे. वाटेत कोणी खलिता उघडला, तर मोहर तुटे आणि ते लगेच कळे. आज खलिते राहिले नाहीत. पण माहिती सुखरूप पोहोचवण्याचे काम राहिलेच आहे. ते आता संगणक करतात. कसे, ते पाहू या.

समजा, एका पतपेढीत दिवसभर लोक पैसे भरतात आणि काढतात. त्या दिवसाच्या हिशेबाची फाईल रात्री दूरच्या शहरातील संगणकावर पाठवून ठेवायची असते. पतपेढीला आग लागली किंवा पुराचे पाणी आत शिरले, तरी लोकांच्या ठेवींची नोंद शिल्लक राहावी, हा त्यामागील हेतू. इतर संगणकांच्या मागणीप्रमाणे फाईल ठेवून घेणाऱ्या आणि परत देणाऱ्या अशा संगणकाला ‘सर्व्हर’ म्हणतात.

हे काम कारकुनाने रोज हाताने केले, तर काय होईल? एखाद्या दिवशी तो आजारी पडेल, एखाद्या दिवशी विसरेल. नेमका त्याच रात्री पतपेढीचा संगणक बिघडला, तर त्या दिवसाचा हिशेब कोठून आणायचा?

म्हणून हे काम संगणकावरच सोपवतात. ‘ही फाईल घे, त्या सर्व्हरशी संपर्क साध, फाईल तेथे ठेव,’ अशा आज्ञा क्रमाने एका फाईलमध्ये लिहितात. आज्ञांच्या या यादीला ‘स्क्रिप्ट’ म्हणतात. युनिक्स पद्धतीच्या संगणकांत ‘क्रॉन’ नावाची एक आज्ञावली असते. ती घड्याळावर नजर ठेवते आणि ठरलेल्या वेळी स्क्रिप्ट सुरू करते. रात्रीचे ११ वाजले, की जासूद निघाला!

पण सर्व्हर दारातच विचारतो, “तू कोण?” माणूस असेल, तर तो परवलीचा शब्द टाइप करील. रात्री माणूस नसतो. मग तो शब्द स्क्रिप्टमध्येच लिहून ठेवावा का? नाही. ते घराला कुलूप लावून किल्ली दारावरच टांगण्यासारखे आहे. स्क्रिप्ट ज्याच्या हाती पडेल, त्याला परवलीचा शब्दही मिळेल.

धोका वाटेतही असतो. संगणकांनी एकमेकांना फाईल कशी पाठवावी, याचे नियम अभय भूषण यांनी १९७१ मध्ये अमेरिकेत लिहिले. ते कानपूरच्या आय.आय.टी.च्या पहिल्या तुकडीतील विद्यार्थी. त्या पद्धतीला एफ.टी.पी. म्हणतात. तेव्हा जाळ्यात थोडेच संगणक होते. म्हणून परवलीचा शब्द उघडपणे पाठवला जाई. पुढे जाळे वाढले आणि चोरही आले. १९९५ मध्ये फिनलंडमधील हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या जाळ्यात कोणीतरी असे शब्द चोरले. तेव्हा तेथील संशोधक तातू युलोनेन यांनी एस.एस.एच. ही नवी पद्धत तयार केली. तिच्यात सर्व मजकूर गुप्त लिपीत रूपांतरित होऊन जातो. वाटेत कोणी तो पकडला, तरी त्याला अर्थ लागत नाही.

या पद्धतीत परवलीच्या शब्दाशिवायही ओळख पटवता येते. त्यासाठी संगणक किल्ल्यांची एक जोडी तयार करतो. एक खासगी, दुसरी सार्वजनिक. खासगी किल्ली म्हणजे जणू तुमची मोहर, तर सार्वजनिक किल्ली म्हणजे त्या मोहरेचा नमुना ठसा. मोहर आपल्याच संगणकात राहते. ठसा सर्व्हरला आधीच देऊन ठेवतात. दर वेळी नव्या मजकुरावर मोहर उमटवली जाते आणि सर्व्हर ती ठशाशी पडताळून पाहतो. त्यामुळे कालची मोहर आज चालत नाही. खऱ्या मोहरेचा ठसा पाहून नकली मोहर कोरता येईल. पण येथील गणित इतके अवघड असते, की सार्वजनिक किल्लीवरून खासगी किल्ली शोधणे व्यवहारात अशक्य ठरते.

तरीही काही गोष्टी सांभाळाव्याच लागतात. पहिली गोष्ट, खासगी किल्लीची फाईल फक्त मालकालाच वाचता आली पाहिजे. त्या किल्लीने सर्व्हरवर फाईल ठेवण्यापुरतीच मुभा द्यावी. मग ती चोरीला गेली, तरी नुकसान मर्यादित राहील.

दुसरी गोष्ट, सर्व्हरनेही आपली ओळख पटवली पाहिजे. त्याच्याही किल्लीचा ठसा असतो. पहिल्या भेटीत तो खात्रीच्या माणसाकडून पडताळून घ्यावा. पुढे तो अचानक बदलला, तर स्क्रिप्टने तेथेच थांबावे. काही जण कटकट नको म्हणून ही तपासणी बंद करतात. मग जासूद खलिता भलत्याच्याच हाती देऊन येईल आणि कोणाला पत्ताही लागणार नाही.

तिसरी गोष्ट पोच घेण्याची. प्रत्येक आज्ञा संपताना एक अंक देते. शून्य म्हणजे काम झाले. दुसरा अंक म्हणजे काहीतरी अडले. स्क्रिप्टने तो अंक पाहावा, नोंदवहीत लिहावा आणि काम अडले तर माणसाला कळवावे. फाईल आधी तात्पुरत्या नावाने पाठवावी आणि पूर्ण पोहोचल्यावरच तिला खरे नाव द्यावे. म्हणजे अर्धवट फाईल कोणी पूर्ण समजणार नाही. शिवाय अधूनमधून ती फाईल परत मागवून उघडून पाहावी. उघडत नसलेली फाईल असून नसल्यासारखीच!

मुलांनो, हा जासूद थकत नाही, झोपत नाही, सुट्टीही मागत नाही. पण त्याला स्वतःची समज नाही. जेवढे सांगावे, तेवढेच तो करतो. चुकीचे सांगितले, तर तीच चूक रोज रात्री ११ वाजता न चुकता करतो. म्हणून काम यंत्रावर सोपवले, तरी जबाबदारी माणसाचीच राहते. त्या फाईलमध्ये कोणाच्या तरी आयुष्यभराच्या बचतीची नोंद असते.