देवटेकची शिळा आणि माझ्या कपाटातला दगड

नागपूरच्या अजब बंगल्यात, म्हणजे मध्यवर्ती संग्रहालयात, आमच्या भागातली एक शिळा आहे. मूळची नागभीडजवळच्या देवटेकची. तिच्यावर दोन लेख आहेत. जुना अशोककाळाच्या ब्राह्मी लिपीत, पकडण्यास व मारण्यास मनाई करणारा. ही मनाई प्राण्यांविषयी असावी असे मानतात. दुसरा चौथ्या शतकातला, वाकाटक राजा पहिला रुद्रसेन याचा. त्यात चिक्कंबुरी येथील त्याच्या धर्मस्थानाचा उल्लेख आहे. एकाच दगडावर सुमारे सहाशे वर्षे!

हे चिक्कंबुरी कुठले? वा. वि. मिराशींनी सांगितले, देवटेकलगतचे चिकमारा. मिराशी मॉरिस कॉलेजात संस्कृत शिकवत. शिलालेख-ताम्रपटांचा नाद लागला तो जन्मभर पुरला. वाकाटकांच्या लेखांचा त्यांचा मोठा संग्रह १९६३ साली आला, तेव्हा ते सत्तरीत होते. त्यांच्या आधी रायबहादुर हिरालाल यांनी तर सरकारी नोकरी सांभाळून मध्य प्रांत व वऱ्हाडातल्या लेखांची सूची केली, ती १९१६ साली छापली गेली. पुरातत्त्व हा दोघांचाही पोटापाण्याचा धंदा नव्हता.

चिकमाऱ्याचा उलगडा झाला, कारण शिळा कुठे सापडली याची नोंद होती. ती नुसतीच ‘चांदा जिल्ह्यातील एक दगड’ म्हणून नागपूरला गेली असती, तर अक्षरे वाचता आली असती, पण शेजारच्या गावाकडे कोण कशाला पाहणार?

हे मला उशिरा कळले. शाळकरी वयात मूलजवळच्या एका शेतातून मी कोरीव नक्षीचा, हातभर लांबीचा दगड सायकलवर घालून घरी आणला. इतिहासाचे वेड त्यानेच लावले. आज तो कपाटात आहे आणि मुका आहे. शेत कोणते, धुऱ्यावर होता की बोडीच्या पाळीवर, काही आठवत नाही. आठवले तरी ते शेत आता ओळखू येईल का, शंकाच आहे.

तेव्हापासून दगड उचलत नाही. शेंदूर फासलेली वीरगळ दिसली तर आधी तिथल्या म्हाताऱ्यांशी बोलतो. गाव, रिठाचे नाव, भूमापन क्रमांक, मामा तलावापासूनची दिशा, शिळेचे तोंड कुणीकडे, हे वहीत उतरवतो, छायाचित्र त्यानंतर. शेतांची नावे लोक उच्चारतात तशीच लिहितो, सातबाऱ्यावर असतात तशी नाही. चिक्कंबुरीचे चिकमारा असेच तोंडातोंडी झाले असणार.

वहीचे पहिले पान मात्र कोरे आहे. ते त्या कपाटातल्या दगडाचे.