चांद्याचे अपक्ष खासदार लाल श्याम शाह

 आजच्या गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्लीचा परिसर ज्या जुन्या चांदा जिल्ह्यात मोडत होता, तेथील मतदारांनी १९६२ साली कोणत्याही पक्षाची उमेदवारी न घेतलेल्या उमेदवाराला कौल दिला होता. त्या वर्षी चांदा मतदारसंघातून लाल श्याम शाह अपक्ष म्हणून लोकसभेवर निवडून गेले.

शाह हे पानाबारस या गोंड जमीनदारीचे वारस होते. मोहला परिसरातील ही जमीनदारी आज छत्तीसगडात, गडचिरोलीच्या सीमेलगत आहे. वनप्रदेशातील जमीनदार सरकारला टाकोळी, म्हणजे ठरावीक वार्षिक रक्कम, भरून आपल्या मुलखाचा कारभार पाहत. १९५१ साली मध्य प्रदेशात जमीनदारी संपली आणि तिच्या ताब्यातील जंगले सरकारकडे गेली, तेव्हा घराचे लाकूड, जळण, बांबू व चराई या रोजच्या गरजांसाठीचा परंपरागत हक्क, ज्याला येथे निस्तार म्हणतात, वनखात्याच्या नियमांत अडकला. जमीनदार असूनही शाह यांनी रयतेचे हे गाऱ्हाणे आपले मानले, हेच त्यांच्या राजकारणाचे खरे मोल होय.

पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांच्या पुनर्वसनासाठी केंद्र सरकारने १९५८ साली दंडकारण्य प्रकल्प हाती घेतला. पुढे चांदा जिल्ह्यातही वसाहती झाल्या. मुलचेरा व चामोर्शी तालुक्यांतील बंगाली गावे त्याचीच साक्ष देतात. निर्वासितांचे हाल खरे होते, आणि ज्यांच्या भूमीवर हा निर्णय लादला जात होता त्या आदिवासींचा प्रश्नही तितकाच खरा होता. या निर्णयाच्या निषेधार्थ शाह यांनी १९६४ साली खासदारकीचा राजीनामा दिला. पक्षादेश, म्हणजेच व्हिप, त्यांना बांधत नव्हता, पण एकट्या सदस्यामागे सभागृहात बळही नव्हते. अशा स्थितीत पद टिकवण्यापेक्षा ते सोडणे त्यांनी अधिक प्रामाणिक मानले. पोटनिवडणुकीत जागा काँग्रेसकडे गेली, तरी १९६७ साली चांद्याने के. एम. कौशिक यांच्या रूपाने पुन्हा अपक्षच निवडला, तर २००९ साली एटापल्ली ज्यात येते त्या अहेरी विधानसभा मतदारसंघातून दीपक आत्राम अपक्ष म्हणून विजयी झाले.

जमिनीविषयी निर्णय कोणी घ्यावा, हा शाह यांचा प्रश्न सूरजागडच्या लोहखनिजामुळे एटापल्ली तालुक्यात आजही धगधगता आहे. अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभांना अधिकार देणारा १९९६ चा पेसा कायदा ग्रामपंचायतींना लागू आहे, नगरपंचायतींना नाही. त्यामुळे नगरपंचायत झालेल्या एटापल्लीत नगराध्यक्ष आहे, परंतु पेसाची ग्रामसभा नाही.