टाइप १ मधुमेहात इन्सुलिनसोबत मेटफॉर्मिन: एक ट्रायल वाचताना झालेली माझी चूक

गेल्या वर्षी मामेबहिणीचा मेसेज आला. ती २८ वर्षांची आहे, अकराव्या वर्षापासून टाइप १ मधुमेह. "डॉक्टर म्हणतायत, वजन वाढलंय, इन्सुलिनचा डोसही वाढतोय, तर जोडीला मेटफॉर्मिन घेऊन बघू. दादा, तू यातलाच आहेस ना? घेऊ का?"

योगायोग असा की त्याच आठवड्यात जर्नल क्लबमध्ये मला याच विषयावरचा पेपर मांडायचा होता. पेपरची समरी वाचून झाली होती, दोन बातम्याही वाचल्या होत्या. मी लगेच उत्तर टाकलं: "घे. मोठी ट्रायल झालीय. हृदयासाठी चांगलं आहे."

शुक्रवारी जर्नल क्लब झाला. मॅडमनी तीन प्रश्न विचारले आणि संध्याकाळी मला बहिणीला फोन करून ते उत्तर मागे घ्यावं लागलं. हा लेख त्या तीन प्रश्नांबद्दल आहे. तुमच्यापैकी बरेच जण पेट किंवा नेट-सेटची तयारी करताय. मुलाखतीत एखादा पेपर हातात देऊन "यातून काय सिद्ध झालं?" असं विचारतात, तेव्हा हेच प्रश्न उपयोगी पडतात.

आधी थोडी पार्श्वभूमी

टाइप १ मध्ये शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वादुपिंडातल्या बीटा पेशी नष्ट करते. इन्सुलिन बनतच नाही, म्हणून ते बाहेरून द्यावंच लागतं. मेटफॉर्मिन हे मुळात टाइप २ चं औषध. यकृतातून रक्तात येणारी साखर ते कमी करतं. ते इन्सुलिनची जागा घेऊ शकत नाही. टाइप १ च्या माणसाने इन्सुलिन बंद केलं तर कीटोअॅसिडोसिस होऊन जीवावर बेतू शकतं. त्यामुळे इथे प्रश्न "इन्सुलिनऐवजी" असा कधीच नसतो, "इन्सुलिनसोबत" असाच असतो.

मग सोबत तरी का द्यायचं? निरोगी माणसात स्वादुपिंडातलं इन्सुलिन आधी थेट यकृतात जातं आणि मग बाकी शरीरात. इंजेक्शनने त्वचेखाली दिलेलं इन्सुलिन आधी सगळीकडे पसरतं. यकृताला त्याचा वाटा कमी मिळतो, स्नायू आणि चरबीला जास्त. त्यात वजन वाढलं की शरीर इन्सुलिनला दाद देईनासं होतं आणि डोस वाढत जातो. मेटफॉर्मिन यकृतावर काम करतं, म्हणजे नेमक्या अडचणीच्या जागी. कागदावर कल्पना एकदम पटते. पण कल्पना पटणं आणि ती खरी ठरणं यात बरंच अंतर असतं.

रिमूव्हल ट्रायल

मी मांडलेला पेपर 'रिमूव्हल' या ट्रायलचा होता. तो २०१७ साली लॅन्सेटच्या मधुमेहविषयक जर्नलमध्ये आला. ऑस्ट्रेलिया, कॅनडा, डेन्मार्क, नेदरलँड्स आणि ब्रिटन या पाच देशांतली २३ केंद्रं. सहभागी टाइप १ चे, वय ४० किंवा जास्त, आणि हृदयविकाराच्या दहा ठरावीक धोक्यांपैकी किमान तीन असलेले. एकूण ४२८ जण. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. २१९ जणांना मेटफॉर्मिन, १००० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. २०९ जणांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी, म्हणजे प्लासिबो. इन्सुलिन दोन्ही गटांना चालूच. मुदत तीन वर्षं.

मोजायचं होतं मानेतल्या कॅरोटिड धमनीच्या भिंतीची जाडी. सोनोग्राफीने ती कळते. भिंत जाड होत जाणं ही धमनीकाठिण्याची खूण मानली जाते.

आता मॅडमचे प्रश्न.

पहिला प्रश्न: "तू सांगतोयस तो निकाल प्रायमरी आउटकम आहे का?"

मी स्लाइडवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं की मेटफॉर्मिनने भिंतीची जाडी वाढण्याचा वेग कमी झाला, पी-व्हॅल्यू ०.००९३. आकडा पेपरमधलाच होता. पण तो भिंतीच्या *जास्तीत जास्त* जाडीचा होता. संशोधकांनी आधीच ठरवलेल्या यादीत हे मोजमाप तिसऱ्या पायरीवर होतं. प्रायमरी आउटकम होतं *सरासरी* जाडी. तिथे दोन गटांतला फरक होता वर्षाला उणे ०.००५ मिलिमीटर, ९५ टक्के विश्वासांतर उणे ०.०१२ ते अधिक ०.००२, पी-व्हॅल्यू ०.१६६४. विश्वासांतरात शून्य येतं, म्हणजे फरक अजिबात नसण्याची शक्यताही या आकड्यांत बसते. थोडक्यात, ज्या प्रश्नासाठी ट्रायल केली त्याचं उत्तर "दिसून आलं नाही" असं आलं.

मग खालच्या पायरीवरचा निकाल खोटा का? खोटा नाही. पण हिशोब करून बघा. तुम्ही एकमेकांशी संबंध नसलेल्या २० गोष्टी मोजल्या, औषधाचा कशावरच परिणाम नाही, आणि प्रत्येकासाठी ०.०५ ची रेघ धरली. तरी किमान एक गोष्ट निव्वळ योगायोगाने "सिग्निफिकंट" निघण्याची शक्यता साधारण ६४ टक्के असते. म्हणूनच एक आउटकम आधी जाहीर करून त्यावर पैज लावायची असते. पैज लावलेला घोडा मागे राहिल्यावर दुसऱ्याचं बक्षीस मागता येत नाही. तो दुसरा निकाल पुढच्या ट्रायलसाठी प्रश्न देतो, आजच्या रुग्णासाठी उत्तर देत नाही.

उलट बाजूनेही सावध राहा. "दिसून आलं नाही" म्हणजे "परिणाम नाही हे सिद्ध झालं" असंही नाही.

दुसरा प्रश्न: "फरक किती, आणि किती दिवस टिकला?"

माझ्या दुसऱ्या स्लाइडवर होतं: एचबीए१सी सिग्निफिकंटली कमी झालं. खरंच झालं होतं. तीन वर्षांची सरासरी काढली तर ०.१३ टक्के बिंदूंनी. पी-व्हॅल्यूही छान, ०.००६०.

मॅडम म्हणाल्या, "०.१३ म्हणजे किती ते सांग." मी गप्प. तुलनेसाठी डीसीसीटी ही १९९३ साली प्रसिद्ध झालेली टाइप १ ची गाजलेली ट्रायल घ्या. काटेकोर उपचारांनी डोळ्यांचं, मूत्रपिंडाचं नुकसान टळतं हे तिने दाखवलं. तिथे दोन गटांतला फरक सुमारे २ टक्के बिंदूंचा होता. त्यापुढे ०.१३ म्हणजे अगदीच किरकोळ. पी-व्हॅल्यू एवढंच सांगते की असा फरक योगायोगाने दिसणं किती दुर्मीळ. फरक मोठा की छोटा, ते ती सांगत नाही.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे हा फरक सगळा सुरुवातीचा होता. पहिल्या तीन महिन्यांत ०.२४ ने घट, पुढे ती टिकली नाही. आणि ज्यासाठी बहिणीचे डॉक्टर औषध सुचवत होते, तो इन्सुलिनचा डोस? तीन वर्षांच्या सरासरीत काही फरक नाही. वजन मात्र सरासरी १.१७ किलोने कमी झालं आणि एलडीएल कोलेस्टेरॉल थोडंसं, ०.१३ मिलिमोल प्रति लिटर, म्हणजे आपल्या रिपोर्टच्या भाषेत सुमारे ५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर.

हाच नमुना दुसऱ्या एका ट्रायलमध्येही दिसतो. २०१५ साली जामामध्ये अमेरिकेतल्या १४० किशोरवयीनांवरचा अभ्यास आला. सगळे टाइप १ चे, वजन जास्त असलेले. १३ आठवड्यांना मेटफॉर्मिन गटाचं एचबीए१सी चांगलं होतं, २६ आठवड्यांना दोन्ही गट सारखेच. पण इथे इन्सुलिनचा डोस २५ टक्के किंवा जास्त कमी झालेले मेटफॉर्मिन गटात २३ टक्के होते, प्लासिबो गटात १ टक्का.

टाइप १ मध्ये एचबीए१सी आणि डोस नेहमी जोडीने वाचायचे, ही गोष्ट मला तेव्हा कळली. साखर खाली आली की माणूस इन्सुलिन कमी घेतो, मग साखर परत पहिल्या जागी येते. औषधाचा परिणाम एका रकान्यातून दुसऱ्या रकान्यात सरकतो. एकच रकाना वाचला तर "काहीच झालं नाही" किंवा "फारच छान झालं", दोन्ही चुकीचे निष्कर्ष निघतात. आणि मुदत बघायची. डोस कमी झालेला दिसतो तो सहा महिन्यांच्या अभ्यासात. तीन वर्षांच्या रिमूव्हलमध्ये तो दिसत नाही.

तिसरा प्रश्न: "गोळ्या शेवटपर्यंत कोणी घेतल्या?"

हा रकाना मी वाचलाच नव्हता. रिमूव्हलमध्ये मेटफॉर्मिन गटातल्या ५९ जणांनी, म्हणजे २७ टक्क्यांनी, औषध मध्येच सोडलं. प्लासिबो गटात २६ जणांनी, म्हणजे १२ टक्क्यांनी. मेटफॉर्मिनने पोट बिघडतं, मळमळतं, जुलाब होतात. किशोरवयीनांच्या अभ्यासात पोटाच्या तक्रारी ७० टक्के विरुद्ध ३५ टक्के होत्या. शिवाय रिमूव्हलमध्ये बी-१२ ची कमतरता मेटफॉर्मिन गटात जास्त आढळली.

याचे दोन अर्थ. एक, औषध सोडलेल्यांनाही त्यांच्या मूळ गटातच मोजतात, म्हणून गोळी नियमित घेणाऱ्यावर होणारा परिणाम सरासरीत थोडा पातळ होतो. दोन, ज्याचं पोट बिघडतं त्याला आपल्याला खरी गोळी मिळालीय हे बरोबर कळतं, आणि ट्रायलचा पडदा थोडा सरकतो.

आणि ती पटणारी कल्पना?

सुरुवातीला मी यकृताची जी कहाणी सांगितली, तीही तपासली गेली आहे. सिडनीच्या गार्वन संस्थेतल्या संशोधकांनी टाइप १ च्या ४० प्रौढांना २६ आठवडे मेटफॉर्मिन किंवा प्लासिबो दिलं आणि क्लॅम्प या पद्धतीने इन्सुलिनला होणारा विरोध थेट मोजला. निकाल २०२५ साली आला. विरोध कमी झाला नाही, यकृतातही नाही आणि स्नायूंतही नाही. इन्सुलिनचा डोस मात्र प्लासिबोच्या तुलनेत कमी झाला. म्हणजे काहीतरी घडतंय, पण आपण समजत होतो त्या वाटेने नाही. हे कशामुळे, हा प्रश्न आता उघडा आहे. पीएचडीचा विषय शोधणाऱ्यांनी अशा जागा टिपून ठेवाव्यात. परिणाम दिसतो आणि ठरलेलं स्पष्टीकरण पडतं, तिथे काम शिल्लक असतं.

बहिणीला काय सांगितलं

संध्याकाळी फोन केला. म्हटलं, "मी घाईत बोललो. हृदयाचं रक्षण होतं असं त्या ट्रायलने दाखवलेलं नाही. त्यातले लोक चाळिशीपुढचे होते, तू २८ ची आहेस. वजन किलोभर कमी होऊ शकतं, काही महिने डोस कमी लागू शकतो. पोटाला त्रास होण्याची शक्यता बरीच. आणि इन्सुलिनचा डोस डॉक्टरांना विचारल्याशिवाय कमी करायचा नाही."

ती म्हणाली, "मग डॉक्टर चुकले का?"

नाही. ब्रिटनची नाइस ही संस्था म्हणते की टाइप १ च्या प्रौढाचा बीएमआय २५ किंवा जास्त असेल, आणि त्याला कमीत कमी इन्सुलिनमध्ये साखर आणखी आटोक्यात आणायची असेल, तर मेटफॉर्मिनचा विचार करावा. दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांसाठी ही रेघ २३ वर आहे, म्हणजे आपल्याला ती लवकर लागू होते. बहिणीचा बीएमआय २६ आहे. शब्द बघा: "विचार करावा". "द्यावं" असं नाही. डॉक्टरही "घेऊन बघू" म्हणाले होते. "घे" म्हणणारा मी होतो.

पुढच्या भेटीत तिने डॉक्टरांना तीन गोष्टी विचारल्या: कशासाठी देताय, किती महिन्यांनी तपासायचं, आणि फरक दिसला नाही तर थांबवायचं का. कमी डोसने सुरुवात करून सहा महिन्यांनी बघायचं ठरलं, बी-१२ च्या तपासणीसह.

तुमच्यासाठी अभ्यास

कुठलीही एक ट्रायल निवडा. निष्कर्षाचा परिच्छेद झाकून ठेवा आणि कागदावर पाच ओळी लिहा: सहभागी कोण होते, प्रायमरी आउटकम काय, फरक किती आणि त्याचं विश्वासांतर काय, मुदत किती, दोन्ही गटांत औषध सोडणारे किती. मग स्वतःचा एका वाक्यातला निष्कर्ष लिहा, आणि त्यानंतरच लेखकांचा वाचा. दोन्ही जुळले नाहीत तर नेमकं कुठे फाटा फुटला ते शोधा.

मी हे बुधवारी केलं असतं, तर शुक्रवारी संध्याकाळी तो फोन करावा लागला नसता.